नकाशावरचा ठिपका

धक्क्यावरच्या वजनकाट्याला लागून एक पत्र्याची खोली आहे. तिच्यात एक टेबल, एक लोखंडी कपाट, खाऱ्या हवेने सळया खाल्लेली खिडकी, आणि गेली बावीस वर्षं एकच बाई. तिचा हुद्दा मासळी नोंदणी लिपिक. पण त्या हुद्द्याने कुणी हाक मारली असती तर तिने मागे वळूनसुद्धा पाहिलं नसतं. सगळा धक्का तिला ताई म्हणायचा. दाढी पिकलेले खलाशी म्हणायचे, मासळीच्या कारखान्याचे ड्रायव्हर म्हणायचे, आणि तिचा सख्खा धाकटा भाऊ म्हणायचा तो तर म्हणणारच.

काम सांगायला सोपं होतं. कुठली बोट आली, कुठली मासळी आणली, किती किलो, ते वहीत लिहायचं. मोठे ट्रॉलर काट्यावरून जायचे, कारण वजनाची पावती दाखवल्याशिवाय कारखाना त्यांना दारात उभं करत नसे. लहान होड्यांची मासळी मात्र होडीतूनच हातोहात विकली जायची. त्यांना पावती नको, काटा नको. होडीवाल्याने खिडकीशी येऊन आकडा सांगायचा आणि ताईने तो लिहायचा, अशी पूर्वीपासूनची रीत.

आणि आकडा कधी खरा सांगायचा नाही, हीसुद्धा रीतच. होडी काठोकाठ भरलेली असो, सांगायचं ते रडगाणंच. ताईचा धाकटा या विद्येत सगळ्यांच्या वर होता. होडीची कड पाण्याच्या जेमतेम चार बोटं वर, आत शंभर किलोच्या घरात माल, आणि हा खिडकीशी मयताला जाऊन आल्यासारखा चेहरा करून उभा. म्हणायचा, लिही पंधरा, तेही ओढूनताणून. ताई पंधरा लिहायची. होडी पाण्यात किती बसली आहे यावरून वजन ओळखण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, पण नियमात ‘सांगितलेला आकडा लिहावा’ असं होतं, ‘दिसलेला लिहावा’ असं नव्हतं. आणि ताई नियमाची पक्की.

याला कुणी खोटं बोलणं म्हणत नसे. किती मिळालं हे एकदा सांगितलं की कुठे मिळालं हा प्रश्न ठरलेला, आणि ते तर घरच्या बायकोलाही सांगायचं नसतं. जेवणाऱ्याच्या ताटात डोकावू नये, तसं दुसऱ्याच्या होडीत डोकावू नये, एवढाच तो शिष्टाचार. वह्या वर्षाअखेरीस दोऱ्याने बांधून कपाटात जायच्या, एक प्रत वरच्या कार्यालयात जायची. बावीस वर्षांत तिथून त्यांबद्दल एक अक्षर आलं नाही. एकदाच पत्र आलं, तेही कपाटाला दुसरी किल्ली का नाही म्हणून. आपण लिहितो ते कुणी वाचत नाही याची ताईला इतकी खात्री झाली होती की त्याचं वाईट वाटणंही कधीच बंद झालं होतं.

धाकट्याचा सगळा माल यायचा तो एका कातळावरून. पाण्याखाली बुडालेला, जेमतेम एका अंगणाएवढा. त्याच्या आसऱ्याला मोठे तांबडे मासे राहायचे. ही जागा त्यांच्या बापाला त्याच्या बापाकडून मिळालेली. ताई धाकट्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी, त्यामुळे आधी होडीत गेली ती ती. शिशाचं वजन बांधलेली दोरी खाली सोडून तळ चाचपायचं काम तिचं. दीपगृहाच्या मागे बर्फाच्या कारखान्याची टाकी लपली, आणि त्याच वेळी टेकडीवरचा दुभंगलेला दगड उघड्या दारासारखा दिसला, की खाली कातळ. बाप तिला डोळे मिटायला लावून होडी फिरवायचा आणि मग म्हणायचा, आता शोध. ती शोधायची. एकदाही चुकली नाही.

बापाचे त्या जागेचे नियम होते. तिथे जाळं टाकायचं नाही, गळच. आणि माशांची पोटं गाभोळीने, म्हणजे अंड्यांनी, फुगली की सहा आठवडे तिकडे फिरकायचं नाही. बापाला काही शास्त्र येत नव्हतं, पण पोटातली पिल्लंच काढून खाल्ली तर पुढच्या वर्षी काय खायचं, एवढं त्याला कळायचं. समुद्रात काही राखावं लागतं एवढं कळायला वरच्या साहेबांना पुढे पस्तीस वर्षं, तीन समित्या आणि एक संशोधनाचं जहाज लागलं.

ताई चौदा वर्षांची झाली आणि बापाने तिला होडीतून उतरवलं. आता धाकट्याला शिकवायचं म्हणाला. होडी त्याला, कातळ त्याला, आणि पोरीला शाळा. ती शिकली, नोकरीला लागली, लग्न झालं नाही, भावाच्याच घरात पुढच्या खोलीत राहिली. भावजयीशी तिचं बरं होतं. तक्रार तिने कधी केली नाही. पण तक्रार न करणारी माणसं विसरतात असं कुणी समजू नये.

मग मासळी आटायला लागली. बर्फवाल्याने एकाचे तीन ट्रॉलर केले. बर्फवाला म्हणजे बर्फाच्या कारखान्याचा मालक. त्याच्या बोटी तळ खरवडून काढायच्या, आणि त्यांचे आकडे ताईच्याच वहीत वर्षागणिक चढत होते. चढता चढता तेही अडखळले, तेव्हा कुठे सरकारला जाग आली. ठरलं असं की वर्षाला अमुक इतकीच मासळी समुद्रातून काढायची, एक किलो जास्त नाही, आणि तेवढ्यात प्रत्येक बोटीला तिचा हिस्सा कायमचा ठरवून द्यायचा. ताईला हे मनापासून पटलं. घरी येऊन ती धाकट्याला म्हणाली की निदान आता या बर्फवाल्याच्या नाकात वेसण पडेल. धाकट्यालाही बरं वाटलं.

नवा साहेब आला. तरुण, मऊ बोलणारा, खुर्चीत बसण्याआधी विचारणारा. त्याने बावीस वर्षांच्या वह्या टेबलावर मांडल्या, पानांवरून हात फिरवला आणि म्हणाला की सगळ्या किनाऱ्यावर इतक्या स्वच्छ नोंदी त्याने कुठे पाहिल्या नाहीत, खाडाखोड म्हणून नाही. ताई दिवसभर हवेत होती. भावजयीला तिने ते दोनदा सांगितलं.

तीन महिन्यांनी यादी आली. हिस्से गेल्या दहा वर्षांच्या नोंदींच्या सरासरीवर वाटले होते. शंभरातले सत्तर बर्फवाल्याच्या तीन ट्रॉलरना, वीस-पंचवीस बाकीच्या ट्रॉलरना. चाळीस लहान होड्यांना मिळून पुरते चारही नाहीत. ज्याने समुद्र ओरबाडला त्याच्याकडे ओरबाडल्याच्या पावत्या होत्या, म्हणून तो समुद्राचा मालक झाला. ज्यांनी बेताने काढलं आणि त्याहून कमी सांगितलं, त्यांच्या तोंडाला पानं पुसली. धाकट्याच्या नावावर वर्षाला नऊशे किलो आले. बऱ्या हंगामात तेवढी मासळी तो दहा दिवसांत आणायचा. म्हणजे उरलेलं वर्ष होडी वाळूत उलटी घालून तिच्यावर बसायचं.

धक्क्यावर आरडाओरडा झाला नाही. लोक खिडकीशी यायचे, यादी बघायचे आणि ताईकडे न बघता निघून जायचे. त्यांचंही बरोबर होतं. लिहिलं तिने होतं, आणि सांगितलं त्यांनीच होतं. संध्याकाळी घरी धाकटा उंबऱ्यात बसून गळांची दोरी गुंडाळत होता. ताई म्हणाली, तू पंधरा सांगायचास म्हणून मी पंधरा लिहायचे. त्याने मान वर केली नाही.

“तुला दिसत होतं ना पण?” एवढंच तो म्हणाला.

दिसत होतं.

दाद मागायला तीस दिवस होते आणि एक अर्ज होता. खरी मासळी किती मिळायची ते लिहायचं, कुठे मिळायची ते लिहायचं, सोबत छापलेल्या नकाशावर दाखवायचं, आणि नोंदणी लिपिकाने खाली लिहून द्यायचं की वहीतला आकडा कमी होता हे आपल्याला माहीत होतं. हे लिहून देणं म्हणजे आपलीच नोकरी धोक्यात घालणं. ताईने नोकरीचा विचारही केला नाही. साहेबाने फोनवर स्पष्ट सांगितलं की जागा दाखवली नाही तर अर्ज रद्द होणार. नुसता मोठा आकडा कुणीही लिहील. संशोधनाच्या जहाजाने कुठे किती मासळी पाहिली त्याच्याशी तो ताडून पाहायला जागा लागतेच.

बहुतेक होडीवाल्यांनी अर्ज तिथेच सोडून दिला. त्यांच्या दृष्टीने हिस्सा गेला तर निम्मं गेलं, जागा गेली तर सगळंच. धाकटाही तेच म्हणत होता. ताईने त्याला चार दिवस समजावलं. होडीशिवाय तू काय करणार, बर्फवाल्याच्या डेकवर मजुरी करणार का, तुझ्या पोरीचं शिक्षण कुठून करणार, असं सगळं बोलून झालं. भावजय मध्ये पडली नाही, पण ताटं वाढताना ती ज्या तऱ्हेने भांडी आपटत होती त्यावरून तिचं मत कळत होतं. शेवटी धाकट्याने कोऱ्या अर्जावर सही केली आणि कागद ताईकडे सरकवला. जागा सोडून काय हवं ते लिही, म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी धक्का रिकामा असताना ताईने खोलीचं दार लोटून घेतलं आणि अर्ज भरायला घेतला. आकडे तिने नीट लिहिले, होडी पाण्यात किती बसायची ते आठवून, वर्षवार. आपली चूक कबूल केली. मग नकाशा पुढे ओढला. समुद्रावर चौकोन आखलेले होते, चार-चार मैलांचे. खाली बारीक अक्षरात सूचना होती की आपल्या चौकोनावर खूण करावी.

चार मैल. अंगणाएवढ्या कातळासाठी चार मैल. हा तर अडाणीपणा झाला, असं ताईला वाटलं. कुठलाही ऐरागैरा एखाद्या चौकोनावर फुली मारेल आणि म्हणेल, माझी जागा. तिला ती जागा माहीत होती. डोळे मिटून फिरवली तरी सापडेल अशी माहीत होती. तिने फूटपट्टी घेतली, दीपगृह आणि टाकी यांच्यातून एक फिकट रेघ ओढली, दुभंगलेल्या दगडावरून दुसरी, आणि दोन्ही जिथे छेदल्या तिथे टाचणीच्या टोकाएवढा ठिपका दिला. शेजारी सुबक अक्षरात दोन्ही खुणा लिहिल्या आणि तळ किती वाव खोल आहे तेही. बापाने शिकवलेलं तिने आयुष्यात पहिल्यांदा कुठेतरी लिहिलं होतं. बरोबर आलं होतं. ती बराच वेळ त्याकडे बघत राहिली आणि तिला खरोखर आनंद झाला.

कागद कुठे जातात ते तिला ठाऊक होतंच. दोऱ्याने बांधले जातात, कपाटात जातात, आणि तिथेच कुजतात.

महिन्याभराने मंजुरीचं पत्र आलं. वर्षाला सात टन. घरात कितीतरी दिवसांनी कुणीतरी हसलं. भावजयीने ताईचा हात घट्ट धरला. धाकट्याने पत्र दोनदा वाचलं आणि मग विचारलं की जागेचं काय केलंस.

“चौकोन दाखवला,” ताई म्हणाली. “चार मैलांचा. त्यात काय सापडतंय कुणाला.”

त्याने विश्वास ठेवला. त्याची ताई खोटं बोलते हे त्याला कुठून माहीत असणार?

पत्रापाठोपाठ एक जाड लिफाफा खोलीत आला. कारभार पारदर्शक असावा, म्हणून मंजूर झालेले अर्ज नकाशांसकट तीस दिवस सूचनाफलकावर लावायचे होते, कुणाला हरकत असेल तर घेता यावी म्हणून. फलक ताईच्याच खोलीच्या बाहेर होता आणि लावायचेही तिनेच होते. मंजूर अर्ज तिघांचे. दोघांनी चौकोनावर फुली मारलेली. तिसऱ्यावर तो ठिपका. झेरॉक्समध्ये तो मुळापेक्षा ठळक आला होता.

लिफाफा तिने तीन दिवस खणात ठेवला. चौथ्या दिवशी साहेबाचा फोन आला की कागद लागले का, लागले नाहीत तर मुदत सुरू होत नाही आणि मंजुरी कच्चीच राहते. नकाशा बदलून द्यायचा तर अर्ज नव्याने करावा लागेल आणि दाद मागायचे तीस दिवस तर उलटून गेलेले. धाकट्याला सगळं सांगून टाकायचं, असं तिने दोनदा ठरवलं आणि दोनदा घरी जाऊन गुपचूप जेवून झोपली. पाचव्या दिवशी तिने कागद लावले. कोपऱ्यात, उंदराच्या विषाबद्दलच्या एका जुन्या परिपत्रकाच्या अर्धे खाली.

बर्फवाला दुसऱ्याच दिवशी आला. खिशातून चष्मा काढून त्याने परिपत्रक बोटाने वर उचललं आणि अर्ज पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला. वर्षवार आकडे वाचले, खुणा वाचल्या, वळून दीपगृहाकडे आणि टाकीकडे पाहिलं. टाकी त्याचीच होती. इतक्या वर्षांत ताईचं लिखाण मन लावून वाचणारा पहिला माणूस तो. मोबाइलवर फोटो काढून झाल्यावर तो खिडकीशी आला.

“अक्षर मोत्यासारखं आहे हो ताई तुमचं,” म्हणाला.

गाभोळीचे दिवस आले. धाकट्याने बापाच्या नियमाप्रमाणे होडी वर ओढली आणि तिला रंग द्यायला घेतला. आता सात टन हातात होते, घाई नव्हती. त्याच सहा आठवड्यांत बर्फवाल्याचे दोन ट्रॉलर त्या कातळावर गेले. बेकायदा काही नव्हतं. मासळी त्याच्या हिश्श्यातली होती, आणि गाभोळीच्या दिवसांत जाऊ नये हा नियम सरकारचा नव्हता, एका मेलेल्या माणसाचा होता.

पाच दिवस तांबडे मासे काट्यावर येत राहिले. पोटं टम्म, दाबलं तर अंडी ओघळतील असे. ताई वजन वाचत होती, लिहीत होती, पावती फाडत होती. तिसऱ्या दिवशी हाताला रंग लागलेला धाकटा गर्दी बघून आला आणि काट्यापाशी थबकला. एवढे मोठे तांबडे मासे दुसरीकडे कुठेच मिळत नाहीत, हे धक्क्यावर ताईखेरीज फक्त त्यालाच माहीत होतं. त्याने एक मासा उचलला, परत ठेवला. मग तो सूचनाफलकापाशी गेला आणि बराच वेळ पाठमोरा उभा राहिला. खोलीत आला नाही. परत जाऊन त्याने होडीचा उरलेला रंग पुरा केला.

सहा आठवड्यांनी तो कातळावर गेला. गळ टाकला तसा वर आला, आमिषासकट. चार दिवस गेला, मग आठवडाभर गेला. पुढच्या वर्षी संशोधनाचं जहाज फिरून गेलं आणि सरकारने वर्षाला काढायच्या मासळीचा एकूण आकडा निम्म्याहून खाली आणला. साहेबाने दिलगिरीच्या सुरात समजावलं की सगळ्यांचेच हिस्से त्या प्रमाणात उतरणार. धाकट्याचे सात टन तीन झाले. तीन असोत की तीस, काढायचे कुठून, हे काही जहाजाने सांगितलं नाही. घरी तो ताईशी बोलायचा, पण मीठ दे, दार लाव, एवढंच. तिने दोनदा विषय काढायचा प्रयत्न केला तेव्हा तो उठून गेला.

मग एका सकाळी तो कागद घेऊन खोलीत आला. हिस्सा विकता येतो, तशी तरतूद होतीच. बर्फवाला घ्यायला तयार होता. शिवाय धाकट्याला डेकवर काम द्यायलाही. विक्रीच्या कागदावर साक्षीदार म्हणून नोंदणी लिपिकाची सही लागत होती.

ताईने कागद वाचला. मग त्याला समोर बसवलं आणि साठवून ठेवलेलं सगळं एका दमात बोलली. विकू नकोस, म्हणाली. कातळ मेलेला नाही, सात-आठ वर्षं कुणी हात लावला नाही तर मासळी परत येते, हे साहेबाच्या पुस्तकात लिहिलं आहे. तेव्हा हा कागद सोन्याच्या मोलाचा होईल. एकदा गेला की गेला. तोवर घर माझ्या पगारावर चालेल, पोरीचं मी बघते. तू फक्त विकू नकोस.

धाकटा ऐकून घेत होता. त्याच्या बोटांच्या फटींत अजूनही होडीचा निळा रंग होता.

“मी निदान विकतोय,” तो म्हणाला. “तू जागा फुकट दिलीस.”

“मी तुझ्यासाठी केलं रे ते.”

“नाही ताई. माझ्यासाठी चौकोन पुरला असता.”

बाहेर काट्यावर कुणीतरी पावतीसाठी हाक मारत होतं. ताईने पेनाचं टोपण काढलं आणि साक्षीदाराच्या रकान्यात सही केली. धाकट्याने शाई वाळेपर्यंत कागद हातात धरला, मग घडी घालून खिशात ठेवला आणि बर्फाच्या कारखान्याकडे निघून गेला.